मूर्तीचा भाव, मातीची भेग आणि अडकलेली उधारी

प्रश्न : आमचा गणपतीचा कारखाना बरीच वर्षं चालू आहे. बारा इंची शाडूच्या मूर्तीला खर्च ५९० रुपये येतो. त्यावर २० टक्के चढवून ७०८ ला विकतो. माल खपतो, पण दसऱ्याला हातात काही उरत नाही. असं का? (वाचक, हमरापूर, ता. पेण)

उत्तर : कारण भाव बनलेल्या मूर्तीवर लावलाय, विकलेल्या मूर्तीवर नाही. शंभर मूर्तींचा खर्च ५९,००० झाला. समजा सहा फुटल्या आणि नऊ उरल्या. पैसे आले ते ८५ मूर्तींचेच. शिवाय रक्कम सरासरी सहा महिने मातीत आणि रंगात अडकली. १२ टक्क्यांनी त्याचं व्याज ३,५४०. एकूण ६२,५४० भागिले ८५, म्हणजे मूर्तीमागे सुमारे ७३६. हा झाला नुसता खर्च. ७०८ ला विकलेली प्रत्येक मूर्ती तुम्हाला २८ रुपयांनी बुडवते. फुटीचे आणि उरलेल्याचे आकडे तुमच्या वहीतून घ्या, आमचे वापरू नका.

अधिक मासाचाही हिशेब धरा. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ ची १४ सप्टेंबरला, म्हणजे ३८३ दिवसांनी. गोदामाचं भाडं आणि व्याज त्या जादा अठरा दिवसांतही चालूच राहतं. कर्जाचा मोठा हप्ता इंग्रजी तारखेला बांधू नका, चतुर्थीनंतरचा ठेवा.

आणि नमुने कमी करा. जुन्या कारखान्यांत दरवर्षी चार नवे साचे येतात, जुना मात्र कुणी काढत नाही. प्रत्येक नमुन्याची रंगसंगती वेगळी, उरलेला माल वेगळा. लागोपाठ दोन हंगाम उरलेला नमुना बंद, मग तो मालकाचा कितीही लाडका असो.

प्रश्न : प्लास्टर सोडून शाडूवर आलो. साचे तेच. मानेला आणि बैठकीला भेगा जातात, गिऱ्हाईक म्हणतं मूर्ती लहान आहे. (वाचक, पेण)

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. प्लास्टर जमताना किंचित फुगतं, तर शाडू पाणी सोडते आणि आकसते. किती आकसते ते मोजा : ओल्या मातीच्या पट्टीवर १० सेंटीमीटरची रेघ ओढा, पट्टी पूर्ण सुकू द्या आणि रेघ पुन्हा मोजा. ९.४ भरली तर आकसणं ६ टक्के, म्हणजे बारा इंची साच्यातून सव्वाअकराची मूर्ती निघेल. मातीची प्रत्येक नवी खेप आली की ही पट्टी करा.

भेग पडते ती जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने सुकल्यामुळे. पोट भरीव आणि मान बारीक असेल तर मान आधी सुकते आणि तिथेच तडकते. आतून कोरून जाडी सारखी करा. हात आणि सोंड जोडताना दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. जोडाच्या जागी ओरखडे काढून पातळ माती लावा. बैठकीची भेग बहुधा पाटामुळे पडते. ओली मूर्ती पाटाला चिकटते, आकसायला जागा मिळत नाही. खाली वर्तमानपत्र घाला किंवा बारीक रेती पसरा. पहिले दोन-तीन दिवस वर ओलसर फडकं ठेवा, पंख्याचा झोत नको.

भेग गेलीच तर ओली माती एकदम ठासू नका, तीही सुकून आकसेल. चाळलेली शाडू, कागदाचा लगदा आणि थोडा डिंक यांचं मिश्रण दोन-तीन पातळ थरांत भरा. रंग कधी द्यायचा, हे हाताच्या अंदाजावर सोडू नका : दोन-तीन मूर्ती रोज वजन करा, वजन उतरायचं थांबलं की द्या. आषाढातल्या दमट हवेत घाईने दिलेला रंग पोपडे धरतो, आणि डोळ्यांची आखणी झाल्यावर ते निस्तरणं फार महागात पडतं.

प्रश्न : दुकानदार दिवाळीनंतरही पैसे देत नाहीत. (वाचक, डिचोली, गोवा)

उत्तर : उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, माल देण्याआधी करून घ्या, ती फुकट होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. मात्र जांगड, म्हणजे ‘खपला तर पैसे, नाहीतर परत’ या बोलीवर दिलेला माल विकलेला धरत नाहीत. त्यामुळे बिलावर ‘विक्री’ लिहा, तारीख घाला आणि दुकानदाराची सही घ्या. पुढच्या वर्षीचा माल निम्मा विसार आल्याशिवाय गाडीत चढवू नका.