कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा कारभार कोण पाहतं आणि जाब कुणाला विचारायचा?

थेट केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय. घटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्र सूचीतल्या (फक्त केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयांच्या यादीतल्या) ६२व्या नोंदीत या ग्रंथालयाचं नावच आहे, त्यामुळे पश्चिम बंगाल सरकारकडे तक्रार करून उपयोग नाही. स्वतंत्र मंडळ असावं म्हणून संसदेने १९७६ मध्ये कायदा केला होता, पण तो अंमलात आलाच नाही. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. मंडळ असतं तर निदान दार ठोठवायला एक जागा असती. आता सगळं दिल्लीतल्या फायलींवर.

तरी सामान्य वाचकाच्या हातात माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क भरून ग्रंथालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर तिथेच पहिलं अपील, मग केंद्रीय माहिती आयोग. प्रश्न मोघम नको. ‘कारभार कसा चाललाय’ असं विचारलंत तर उत्तरही तसंच येईल; रिक्त पदं किती, अमुक वर्षी खरेदीवर खर्च किती, असं विचारा. खर्चाची तपासणी कॅग करतं, तेही अहवाल चाळा.

आणि हो, १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत स्वखर्चाने तिथे पाठवायची असते, मराठी प्रकाशकांनीसुद्धा. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, अधिक पुस्तकाची किंमत. एवढ्याने कोण घाबरणार?