लुले कबाब सळईवरून गळू नये म्हणून

15 ऑगस्टच्या जवळच्या रविवारी आर्मेनियन चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात आणि अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी त्याला जोडूनच खाण्यापिण्याची जत्रा भरते. तिथे लुले कबाबच्या, म्हणजे सळईवर थापून भाजलेल्या खिम्याच्या, शेगडीपाशी पहिल्यांदाच उभे राहणार असाल, तर खिमा आदल्या रात्रीच मळून ठेवा.

मेंढीच्या एक किलो खिम्यात 200 ते 250 ग्रॅम चरबी हवीच, नाहीतर कबाब वातड होतो. कांदा किसून फडक्यात घट्ट पिळा. कबाब निखाऱ्यात पडतात ते बहुतेकदा या पाण्यापायी. मीठ 15 ग्रॅम. हाताला चिकटेपर्यंत, चांगली दहा मिनिटं मळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. चरबी कोमट झाली की पकड गेलीच.

सळई चपटी, बोटभर रुंद घ्या. गोल सळई फिरवली तरी मांस जागचं हलत नाही. हात ओला करून खिमा पातळ थापा, टोकं दाबून बंद करा. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की जाळी न लावता सळया ठेवा, पहिली पालट अर्ध्या मिनिटात. आतलं तापमान 71 अंश सेल्सियस झालं की लवाशमध्ये (पातळ आर्मेनियन रोटी) धरून ओढून काढा, म्हणजे रस वाया जात नाही. वर कांदा, पार्सली आणि सुमाक, म्हणजे आंबटसर लाल मसाला. सॉस मागणारे येतीलच. तो वेगळ्या वाटीत द्या.