कोकिळ 'कारणाने' गातो की कुणा'साठी'?

ऐरोलीहून मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: 'जैवमानसशास्त्राच्या पेपरात मी "नर कोकिळ मादीला बोलावण्याच्या कारणाने गातो" असं लिहिलं. सरांनी "कारणाने" खोडून "साठी" केलं. दोन्हींचा अर्थ एकच ना? आणि "का"चं उत्तर एकच असायला हवं, मग पुस्तकात एकाच वर्तनाची चार-चार स्पष्टीकरणं कशी?'

आधी शाबासकी. तुम्ही 'नर कोकिळ' लिहिलंत. शाळेतल्या निबंधांपासून आपल्याकडे 'कोकिळा गाते', आणि गात असतो तो काळा कुळकुळीत नर. ठिपकेवाल्या तपकिरी मादीच्या वाट्याला 'किक्-किक्-किक्' असं तुटक ओरडणं आलंय.

आता 'कारण'. तुमचा घोळ झाला त्यात तुमच्यापेक्षा मराठीचा दोष जास्त. हा शब्द आपल्याकडे फार सैल आहे. 'उशीर झाला, कारण पाऊस होता' असं म्हणतो तेव्हा तो मागे बघतो: आधी काय घडलं? पण जुन्या मराठीत 'पोटाकारणे', 'लोकांकारणे' म्हणजे पोटासाठी, लोकांसाठी. तिथे तो पुढे बघतो. 'देह कारणी लागला', 'पैसा सत्कारणी लागला' यातही कारण म्हणजे चांगलं काम, प्रयोजन. राजकारण-समाजकारणात तर तो नुसता 'व्यवहार' होऊन बसलाय. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षावाला विनाकारण हॉर्न वाजवतो, तेव्हा त्याला कुणी डिवचलेलं नसतं की त्यातून काही साधायचं नसतं? दोन्ही अर्थ बसतात.

तिसरा प्रकार तर्कशास्त्रातला. 'येऊरच्या डोंगरावर वणवा लागलाय, कारण धूर दिसतोय.' धुराने वणवा लागत नाही, उलट वणव्याने धूर होतो. इथलं 'कारण' म्हणजे माझ्या म्हणण्याचा आधार. भारतीय तर्कपरंपरेतलं न्यायशास्त्र याला 'हेतू' म्हणतं, आणि आपण हेतू म्हणजे मनातला इरादा समजतो! पेपरात हे तिन्ही एकमेकांत मिसळले की गुण गेलेच म्हणून समजा.

पण 'कारण' सैल असलं तरी मराठीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं बरीच काटेकोर आहेत. '-मुळे' सरळ 'मूळ'वरून आलंय. '-पोटी' कारण सांगताना बहुधा भावनेला लागतं: भीतीपोटी, रागापोटी, प्रेमापोटी. 'पावसापोटी लोकल उशिरा आली' असं कुणी म्हणणार नाही. भावना ही आतून ढकलणारी वेगळी जात आहे, हे या अव्ययाने कधीच हेरलंय. (अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1884 मध्ये हेच उलटं केलं: आपण घाबरतो म्हणून पळत नाही, पळतो म्हणून घाबरतो. मराठीत ते सांगायला 'पळण्यापोटी भीती' म्हणावं लागेल, आणि ते कानाला रुचत नाही.) '-पायी' मात्र लबाड आहे. 'पैशापायी भांडले' म्हणजे पैशामुळे की पैशासाठी? त्याला दोन्ही चालतं.

सरांच्या 'साठी'कडे येऊ. मराठी म्हणून त्यांची दुरुस्ती रास्त आहे, 'बोलावण्याच्या कारणाने' हे ओढूनताणूनच आहे. पण 'साठी'ला मन चिकटलेलं असतं. मी भेळेसाठी तलावपाळीला गेलो, यात भेळ आधी माझ्या डोक्यात होती. कोकिळाच्या डोक्यात 'चला, मादीला बोलवू' असं असतं का? शास्त्राला तसं म्हणायचं नसतं. मे महिन्यात ठाणे-वाशी लोकलमध्ये घाम येतो तो कशाने? उकाड्याने. कशासाठी? अंग थंड राहावं म्हणून. पण ठरवून कुणी घामाघूम होत नाही. म्हणजे हेतू मनात असतो. उपयोग मनाशिवायही असू शकतो. हा फरक सुटला की 'जिराफाने पानं खाण्यासाठी मान लांब केली'सारखी वाक्यं जन्माला येतात.

आता तुमची चार स्पष्टीकरणं. निको टिनबर्गन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने 1963 मध्ये दाखवलं की एका 'का'त चार प्रश्न दडलेले असतात, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला खोटं पाडत नाही. (पुढे 1973 मध्ये लोरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं.) गंमत म्हणजे ते चार मराठीत वेगळे करायला नवे पारिभाषिक शब्द लागत नाहीत.

कोकिळ कशाने गातो? दिवस मोठा होऊ लागला की अनेक पक्ष्यांत मेंदूच्या आत खोलवर असलेल्या प्रकाशग्राही पेशींना, डोळ्यांवाचूनही, त्याचा सुगावा लागतो. तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होते, वृषणं वाढतात, टेस्टोस्टेरॉन चढतं आणि नराचा गळा मोकळा होतो.

कशासाठी? मादीला साद, दुसऱ्या नराला तंबी. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

कसा शिकला? हा माझा आवडता. कोकिळाचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं. कावळ्याच्या चोचीतला घास खातं, दिवसभर काव-काव ऐकतं. आणि मोठं झाल्यावर 'कुहू'च करतं. पाळण्यातली भाषा त्याला लागतच नाही. सगळ्या पक्ष्यांचं असं नसतं. कित्येक गाणारे पक्षी मोठ्यांचं ऐकून शिकतात. 'उपजत' या शब्दाला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

आणि हे परक्या घरट्यात वाढणं आलं कुठून? कोकिळाच्या कुळातच 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशा आहे. तो सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो. भारद्वाजही याच कुळातला, पण तो स्वतःचं घरटं बांधून पिल्लं वाढवतो. म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर पिल्लं सोडणं ही अख्ख्या कुळाची रीत नाही, काही शाखांनी उचललेली आहे.

कशाने, कशासाठी, कसं, कुठून. पाठ्यपुस्तकं यांना शारीरक्रियात्मक, कार्यात्मक, विकासात्मक, उत्क्रांतीविषयक अशी नावं देतात. 'कार्यात्मक' मला खटकतं, एखादी समिती कार्यरत झाल्यासारखं वाटतं. 'उपयोगलक्षी' बरं. तसंच तत्काळ घडवणाऱ्या कारणाला 'निकटवर्ती' म्हणण्यापेक्षा 'तात्कालिक कारण' म्हणा. 1857च्या काडतुसांमुळे तो शब्द प्रत्येक मराठी मुलाला पाठ असतो. आणि उत्क्रांतीतल्या कारणाला 'अंतिम' म्हणू नका. ते सगळ्यांत आधीचं असतं.

तुमचं वाक्य मी असं लिहिलं असतं: 'नर कोकिळाच्या गाण्याचा उपयोग मादीला बोलावण्यास होतो.' यात कारणही नाही, साठीही नाही, आणि कोकिळाच्या डोक्यात काही घुसवलेलंही नाही. सरांना दाखवून बघा.

होळीनंतर कोपरीतल्या आमच्या सोसायटीच्या आंब्यावर पहाटे चारला तो सुरू होतो, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकी आपटत विचारतात, 'का रे बाबा, का?' टिनबर्गनच्या चारही खणांत हा 'का' बसत नाही. तो प्रश्नच नसतो.