दम्याचा बोनमॅरोशी काय संबंध?

प्रश्न: माझ्या ११ वर्षांच्या मुलाला धुळीचा अलर्जिक दमा आहे. रिपोर्टात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) ९ टक्के आलेत आणि डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की या पेशी बोनमॅरोत, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजात तयार होतात, तेव्हापासून झोपच उडालीय हो. हाडात काही बिघाड तर नसेल ना?

उत्तर: बोनमॅरो ऐकलं की आपल्याला थेट कॅन्सरच आठवतो, पण नऊ टक्क्यांवरून तसं काही समजायचं कारण नाही, अलर्जीत हा आकडा वाढतोच. सगळ्याच रक्तपेशी बोनमॅरोत बनतात, इओसिनोफिलही. १८७९ मध्ये पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना हे नाव दिलं, कारण इओसिन नावाचा रंग टाकला की त्यांच्यातले दाणे मस्त लालकेशरी दिसतात.

आता होतं काय, तुम्ही गादी झटकता, धुळीतल्या बारीक किड्यांचा कचरा मुलाच्या श्वासात जातो, तिथल्या पेशी इंटरल्युकिन-५ वगैरे निरोप्या रसायनं सोडतात आणि तो निरोप रक्तातून पार हाडापर्यंत जातो, की माल पाठवा! मग मॅरोत इओसिनोफिलचं उत्पादन वाढतं, ते रक्तातून फुफ्फुसात येतात आणि दाणे फोडून श्वासनळीचं अस्तर सोलतात. म्हणजे मॅरो बिचारी फक्त ऑर्डर पुरी करते.

हा निरोपच अडवणारं मेपोलिझुमॅब इंजेक्शन २०१५ पासून आहे, पण ते बऱ्याच तीव्र दम्यासाठी. बहुतेक मुलांना स्टेरॉइडचा इनहेलर पुरतो, तेवढा मात्र बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका.