ती ज्यासाठी आली, ते आधी

प्रिय पोरी,

तुर्भे स्टोअरच्या वस्तीत धंदा करणाऱ्या त्या बाईने एचआयव्ही तपासणीला पुढे केलेला हात मागे घेतला, म्हणाली, "आधी पोटाचं बघा, मग रक्त न्या." तुला रडू आलं, तपासण्यांचं महिन्याचं टार्गेट अपुरं राहिलं, आणि चूक कुणाची हे तू मला विचारतेस. चूक तुझी. ती ज्यासाठी आली, ते आधी.

मीही हेच केलंय. भिवंडीच्या हनुमान टेकडीवर, तिथल्या अशाच वस्तीत, काम करायचे तेव्हा एक बाई सांगत राहिली, "ताई, मधेच अंगावरून लाल जातंय." मी तिचं रक्त घेतलं. एचआयव्ही निगेटिव्ह आला, तेव्हा तिच्यापेक्षा मलाच आनंद झाला. हसत घरी पाठवली. पुढच्या वर्षी तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, तोही पार पसरलेला. तिने रक्त तपासा असं म्हटलंच नव्हतं गं.

तेव्हा आमच्याकडे आतून तपासायला खोली नव्हती, नमुन्यांचा हिशोब रोज वर द्यावा लागे. हे मी स्वतःला कितीदा सांगितलं, आणि ते खोटंही नाही. पण कधीपासून जातंय, एवढं विचारायला खोली कशाला लागत होती? त्यानंतर मी आधी दुखणं विचारायला लागले. आकडे घसरले, वरून बोलणी खाल्ली, हट्टी ठरले. मी बरोबर होते. ज्यांचं दुखणं ऐकलं, त्या बायका पुढे तपासणीला आपणहून आल्या, मैत्रिणींना घेऊन आल्या.

आणि कायदा तरी काय वेगळं सांगतो? २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार हवेत तर आधी एचआयव्ही तपासणी कर, अशी अट कुणालाही घालता येत नाही. गर्भपाताला आलेल्या बाईकडे दवाखान्यात नवऱ्याची सही मागतात. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, तिथे खिडकीशी तू उभी राहा. "गिऱ्हाइकाने मारलं" एवढंच कुणी म्हणाली, तर दार लावून हळू विचार. जबरदस्ती झाली असेल तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, २८ दिवस घ्याव्या लागतात. अशा बाईला ताबडतोब वैद्यकीय मदत द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ लाच सांगितलंय.

रात्रभर जागलेली बाई सकाळी केसपेपरच्या रांगेत उभी राहील, ही आशा सोड. तू जाऊन उठव, रिक्षात बसव, बरोबर थांब.

उद्याच जा तिच्याकडे. तपासणीचं किट ऑफिसात राहू दे. पाळी कधी आली होती ते पहिलं विचार, मग ताप येतो का, पांढरं जातं का. पाळी चुकलेली असेल किंवा ताप असेल तर गुप्तरोगांच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकची वाट बघू नकोस, सरळ मोठ्या दवाखान्यात ने. डॉक्टरांनी तिला हात लावून तपासलं का, ते संध्याकाळी मला कळव.

तुझी,
ताई