ब्रॉयलर कोंबडी चाळीस दिवसांत वाढते ती इंजेक्शनमुळे का? तिला त्रास होतो का?

इंजेक्शनमुळे नाही. पण त्रास होतो, आणि बराच होतो.

वाढीचं कारण जातीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत झटपट वजन धरणारे पक्षी निवडत गेल्याने आजचं पिल्लू ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या आसपास भरतं. मांस वाढतं त्या वेगाने पाय आणि हृदय वाढत नाही. शेवटच्या आठवड्यात कित्येक पक्षी लंगडतात, बसूनच राहतात, आणि ओल्या भुशातल्या अमोनियाने त्यांचे तळपाय भाजतात. हातकणंगले-शिरोळ भागात एप्रिल-मेमध्ये शेडवर पत्रे तापले की उष्णतेने पक्षी मरतात ते वेगळंच.

अंड्यांच्या कोंबडीचे हाल तर याहून वाईट. पारंपरिक पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटीमीटर जागा येते, म्हणजे ए-फोर कागदाहूनही कमी. पंख पसरता येत नाहीत. युरोपीय संघाने असे पिंजरे २०१२ पासून बंद केले.

शेतकऱ्याला दोष देऊ नका. तो कंपनीशी करार करून पक्षी वाढवतो, त्यात पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीजबिल, राबणं त्याचं, आणि मोबदला किलोमागे. शेडमध्ये कमी पक्षी ठेवणं त्याला परवडत नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी कोंबड्या-बदकं होती. त्यांतली परसातली फक्त ३२ कोटींच्या घरात. गावठी कोंबडी महाग वाटते, पण ती तयार व्हायला महिने लागतात. मी तीच घेतो, महिन्यातून कमी वेळा.