वाचकांचे प्रश्न : घड्याळाचा लंबक अवकाशात झुलेल का?

प्रश्न : २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकात तरंगताना टीव्हीवर दिसले. तिथे गुरुत्वाकर्षण संपतं का?

उत्तर : अजिबात नाही. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर आहे, म्हणजे मुंबई ते पणजी सरळ रेषेत जेवढं अंतर तेवढंच. तिथे 'जी'ची, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदाने वाढतो त्याची, किंमत ८.७ भरते, आपल्याकडे ती ९.८ आहे. स्थानक आणि त्यातली माणसं एकत्रच पडत असतात, म्हणून ती तरंगताना दिसतात. सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर पुढे जाताना स्थानक ४.३ मीटर खाली येतं. तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोलावाही ४.३ मीटरच खाली वळतो. त्यामुळे उंची तशीच राहते.

प्रश्न : मग भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ तिथे चालेल? आणि 'जी' घरी मोजता येईल?

उत्तर : घड्याळ बंद पडेल. लंबक बाजूला नेऊन अलगद सोडला तर तिथेच राहील. चावीचं मनगटी घड्याळ मात्र चालतं, कारण त्यातलं चक्र परत फिरवायला स्प्रिंग असते. इतकं लांब कशाला, १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ रिशे यांनी पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला नेलेलं लंबकाचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडत होतं. तिथे 'जी' किंचित कमी आहे.

घरच्या मापनासाठी न ताणणारा सुती दोरा आणि जड लोखंडी नट घ्या. दोरा खिळ्याला नुसता गुंडाळू नका, तो सरकतो. दोन पट्ट्यांत घट्ट दाबून धरा. लांबी त्या पट्ट्यांच्या खालच्या कडेपासून नटच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर हवी. नट १० सेंटिमीटर बाजूला नेऊन सोडा, ढकलू नका. तो मधून जाताना 'शून्य' म्हणून स्टॉपवॉच सुरू करा आणि त्याच दिशेने जाताना पुढचे आकडे मोजा. २० झोक्यांना ४०.२ सेकंद लागले, तर एका झोक्याचा वेळ २.०१. त्याच्या वर्गाने ३९.४८ ला (म्हणजे ४ × पायचा वर्ग × लांबी १ मीटर) भागा : ९.७७. मुंबईचं खरं मूल्य ९.७९ च्या आसपास आहे, तेव्हा दोऱ्या-नटच्या प्रयोगाला हे उत्तम.

उत्तर १०.८ आलं, तर मोजणी बहुधा 'शून्य'ऐवजी 'एक'पासून झाली. ही चूक सर्वांत जास्त होते. नट ४५ अंशांपर्यंत खेचला असेल, तर झोका लांबतो आणि उत्तर ९.१ च्या आसपास घसरतं. लांबी १ सेंटिमीटर चुकली, तर उत्तरही एक टक्का चुकतं.

प्रश्न : दुप्पट जड नट लावला तर झोका जलद होईल?

उत्तर : नाही, लांबी तीच ठेवली तर वेळही तोच. कारण हवेचा अडथळा नसेल तर जड आणि हलक्या वस्तू सारख्याच वेगाने पडतात. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी १९७१ मध्ये चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, तेव्हा दोन्ही बरोबरच खाली पोचली. फार हलका नट मात्र नको. हवेच्या अडथळ्याने २० झोके पुरे व्हायच्या आतच तो मंदावतो.